वाचलेलं पाणी कुणाचं?

आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून सणसरला येते. पुढच्या वाटेवर बेलवाडीचं गोल रिंगण होतं आणि सोहळा इंदापूरकडे सरकतो. वारकऱ्यांना सणसर हे मुक्कामाचं गाव म्हणून ठाऊक आहे. पाटबंधारे खात्यातल्या माणसाला विचारलं तर तो ‘सणसर कट’चं नाव घेईल. खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी नीरेच्या डाव्या कालव्यात आणून सोडायची ही सोय. शेजारी भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना, आणि कारखान्याभोवती नजर जाईल तिथवर ऊस. या भागात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उसाला त्याच्या कितीतरी पट पाणी लागतं. हा सगळा फरक कुठून तरी आणलेल्या पाण्याने, कुठून तरी आलेल्या बेण्याने आणि कुठून तरी मिळालेल्या पैशाने भरून काढलेला आहे.

२५ सप्टेंबर २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १९३ देशांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं मान्य केली. त्यातलं शेवटचं, सतरावं उद्दिष्ट जागतिक भागीदारीचं आहे. पैसा, तंत्रज्ञान, व्यापार आणि ज्ञान यांत देशांनी एकमेकांना हात द्यावा, कारण त्याशिवाय आधीची सोळा उद्दिष्टं साधणार नाहीत, असं त्यामागचं म्हणणं. अशा ठरावांची भाषा गावापर्यंत पोचत नाही, हे खरं. पण नीरेच्या डाव्या कालव्यावरचा हा पट्टा गेली १४० वर्षं जगाशी भागीदारीतच जगत आला आहे. कधी ती लादलेली होती, कधी मागून घेतलेली, कधी कुणाच्या लक्षातही न आलेली. प्रत्येक वेळी बाहेरून काय आलं याचा हिशेब नीट लिहिला गेला. आलेल्याचं पुढं काय झालं आणि ते कुणाच्या पदरात पडलं, हा हिशेब मात्र फारसा कुणी मांडला नाही. मला तो मांडावासा वाटतो, कारण आत्ता याच मातीत अशी एक भागीदारी उभी राहते आहे, जिच्याकडे सगळं जग बघतं आहे.

सुरुवात दुष्काळाने झाली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळली आणि त्यानंतर इंग्रज सरकारने भोर संस्थानच्या हद्दीत, वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण बांधायला घेतलं. १८८५ च्या सुमारास वीरच्या बंधाऱ्यातून डाव्या कालव्याला पाणी सुटलं. कालवा दुष्काळासाठी काढला होता, त्यामुळे चांगल्या पावसाच्या वर्षी पाणी घ्यायला कुणी येईना आणि वाईट वर्षी सगळेच येत. हा पेच सोडवायला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या या मुंबई इलाख्याच्या सेवेतल्या अभियंत्याने १८९९ मध्ये ‘ब्लॉक’ पद्धत सुचवली. जमिनीचे गट पाडायचे, ठरावीक वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची, आणि गटातल्या साधारण एक तृतीयांश जमिनीतच ऊस घ्यायचा. उरलेल्या जमिनीत हलकी पिकं. ऊस फिरता राहिला की जमिनीलाही विसावा मिळतो आणि पाणीही जास्त गावांना पुरतं. इकडे उसाच्या पाण्याला आजही ‘ब्लॉकचं पाणी’ म्हणतात ते तिथून आलेलं. एक तृतीयांशाची अट मात्र केव्हाच विरून गेली.

ती अट का होती, हे समजायला फार वाट पाहावी लागली नाही. पंचवीस वर्षांतच नीरेच्या खोऱ्यातल्या चांगल्या काळ्या रानांवर पांढरा थर दिसू लागला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे मराठी सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी या जमिनींची पाहणी करून १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर एक पुस्तिका काढली. कारण सोपं होतं. भारी काळी माती, निचरा मंद, वरून पाटाचं भरपूर पाणी. जमिनीखालची पाण्याची पातळी चढत चढत मुळांपर्यंत येते, उन्हाने वरचं पाणी उडून जातं आणि क्षार तेवढे मागे राहतात. पुढं सोडियम वाढला की मातीचे कण विस्कटतात, जमीन चोपण होते. पाऊस पडला की चिखल, वाळली की दगड. उपाय म्हणजे चर काढून निचरा करणं आणि पाणी हात राखून देणं. पुढे सी. सी. इंग्लिस यांच्या विशेष सिंचन विभागाने बारामती परिसरात निचऱ्याचे प्रयोग केले. १९१६ मध्ये सुरू झालेल्या त्याच विभागातून आजचं खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र उभं राहिलं.

म्हणजे बघा, कालवा सुरू होऊन पाव शतक होतं न होतं तोच रोगाचं निदान हातात होतं. एक इंग्रज आणि एक मराठी शास्त्रज्ञ एका शेताच्या बांधावर उभे राहून ते करत होते. ज्ञानाची खरी भागीदारी म्हणावी अशी ही गोष्ट. तरी चोपण जमिनी वाढतच गेल्या. कारण पुस्तिका इंग्रजीत, सरकारी दप्तरात. आणि शेतकऱ्याला पाणी कमी घेण्यात काहीच फायदा नव्हता. पाणीपट्टी क्षेत्रावर आकारली जायची. एकरभर उसाला मोजून पाणी दिलं काय आणि रात्रभर दारं मोडून सोडलं काय, पट्टी तेवढीच. आज बारामतीजवळ माळेगावला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, २००९ मध्ये सुरू झालेली. दुष्काळ, क्षार, उष्णता यांवर तिथं काम चालतं. त्या संस्थेपुढचा एक प्रश्न ताम्हाण्यांच्या काळातलाच आहे.

बेण्याची कथा मला फार आवडते, कारण तिथं भागीदारी कुणालाच दिसली नाही आणि तरी ती सगळ्यांच्या शेतात उगवली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आपल्याकडे पुंड्यासारखे जाड, गोड, पण नाजूक ऊस होते. कोईमतूरला १९१२ मध्ये ऊस पैदास केंद्र निघालं. तिथं बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी गोड उसाचा संकर रानटी कांसाशी करून काटक वाण तयार केले. त्याच काळात डचांच्या ताब्यातल्या जावा बेटावर पीओजे २८७८ हा वाण निघाला आणि त्याने जगभरची ऊसशेती पालटली. कोईमतूरने तो पीओजे २८७८ आणि आपला को २९० यांचा संकर केला, त्यातून को ४१९ जन्मला. महाराष्ट्रातली सहकारी साखर कारखानदारी तिच्या पहिल्या दशकांत मुख्यतः या ‘चारशे एकोणीस’वर उभी राहिली. तिकडे को २९० अमेरिकेतल्या लुइझियानाच्या शेतकऱ्यांनीही लावला होता. आजचा आपला ‘शहाऐंशी झिरो बत्तीस’ याच वंशावळीतला. त्याला नीरा हे नाव मिळालं आहे आणि नीरा नदीकाठच्या, १९३२ पासून असलेल्या पाडेगावच्या संशोधन केंद्राचा त्याच्यामागे मोठा वाटा आहे. जगातले ऊस आणि त्याचे रानटी भाऊबंद जपून ठेवणारे दोनच जागतिक संग्रह आहेत. एक अमेरिकेत मायामीला, दुसरा केरळात कन्नूरला. या देवाणघेवाणीत कुणी कुणावर मेहेरबानी केली नाही. तांबेरा किंवा काणी एका देशात आली की ती उद्या आपल्याकडे येणार, हे प्रत्येकाला कळत होतं.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातली गोष्ट वेगळी आहे. कालव्याच्या वरच्या अंगाला, बारामती तालुक्यातल्या जिरायती गावांत, पाणी नव्हतंच. बारामतीत ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ ख्राइस्ट या पंथाचं मिशन विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होतं. एडना वॉसर आणि हेझल स्क्यूज या मिशनरी बायका तिथं वर्षानुवर्षं राहून काम करत होत्या. दुष्काळाच्या दिवसांत परदेशातून आलेला गहू आणि तेल चर्चच्या ‘कासा’ या संस्थेमार्फत वाटलं जायचं. नुसतं वाटून टाकण्यापेक्षा त्या धान्याच्या मोबदल्यात लोकांनीच पाझर तलाव खोदावेत, ही कल्पना बारामतीत रुजली. तांदुळवाडीचा तलाव हा त्यातला सुरुवातीचा. माती लोकांची, श्रम लोकांचे, गहू परक्या देशातल्या शेतकऱ्याचा. एकामागून एक तलाव झाले, विहिरींना पाणी वाढलं आणि त्या कामातूनच १९७१ मध्ये अप्पासाहेब पवारांच्या पुढाकाराने बारामतीचा ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला. त्या तलावांत परदेशी काय होतं? फक्त मजुरी. तलाव कुठं घ्यायचा, कुणाच्या विहिरीला पाझर लागेल, हे गावाने ठरवलं होतं. म्हणूनच धान्य संपल्यावरही तलाव गावाचे राहिले. बाहेरच्या मदतीचा इतका स्वच्छ नमुना मला या भागात दुसरा सापडत नाही.

पुढं ट्रस्टचं कृषी विज्ञान केंद्र झालं, इस्रायलमध्ये जन्मलेलं ठिबक इथल्या रानात आलं, नेदरलँड्सच्या सहकार्याने भाजीपाला गुणवत्ता केंद्र झालं. इंदापूरची द्राक्षं आणि डाळिंबं परदेशी बाजारात गेली. २०१० मध्ये युरोपने भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश सापडल्यावर माल अडवला, तेव्हा द्राक्षबागाईतदाराला युरोपच्या प्रयोगशाळेचं महत्त्व एका हंगामात कळलं. एवढ्या सगळ्या बाजारपेठा पार करून माल नेणाऱ्या शेतकऱ्याला कुणी मागासलेला म्हणू नये.

साखरेच्या बाबतीत जगाशी नातं कटकटीचं आहे. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे भारताविरुद्ध तक्रार केली. भारत उसाला किमान भाव बांधून देतो आणि साखर निर्यातीला अनुदान देतो, त्यामुळे जगात साखरेचे भाव पडतात, असं त्यांचं म्हणणं. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताच्या विरोधात गेला. भारताने अपील केलं, पण अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर २०१९ पासून सदस्यांअभावी बंदच आहे. सणसरच्या शेतकऱ्याच्या एफआरपीवर, म्हणजे उसाच्या त्या किमान भावावर, तीन खंडांतल्या देशांनी आक्षेप घ्यावा, हे त्याला विचित्र वाटेल. तरी दुसऱ्या बाजूलाही ऊस पिकवणारा माणूसच आहे. आणि हेच ब्राझील ९ सप्टेंबर २०२३ ला दिल्लीच्या जी-२० परिषदेत भारताच्या मांडीला मांडी लावून जागतिक जैवइंधन आघाडीत बसलं. उसापासून मोटारीचं इंधन करायचा कार्यक्रम ब्राझीलने १९७५ पासून चालवला, आपण पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्यापर्यंत आलो. कारखान्यांना त्यातून रोख पैसा मिळाला, एफआरपीची देणी लवकर भागू लागली. पण ऊस साखरेला गेला काय आणि इथेनॉलला गेला काय, पाणी तेवढंच पितो. हवामान वाचवणाऱ्या आघाडीच्या हिशेबात कालव्याच्या शेपटाला असलेलं गाव धरलेलं नाही.

त्या हिशेबात ऊसतोड कामगारही धरलेला नसतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात, मुकादमाची उचल अंगावर असते, नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने महाराष्ट्रातली ही साखर मोठ्या शीतपेय कंपन्यांपर्यंत कशी जाते ते छापलं आणि परदेशात खळबळ झाली. बाईच्या पोटातलं दुखणं इथं वर्षानुवर्षं माहीत होतं. ते सात समुद्रापलीकडून ऐकू आल्यावर आपण दखल घेतो, याची मला मनापासून लाज वाटते.

आता आत्ताचं. २०२४ मध्ये बारामतीच्या ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या तज्ज्ञांच्या साथीने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू केला. पहिल्या टप्प्यात सुमारे हजार शेतकरी. रानात हवामान केंद्र, मातीत संवेदक, वर उपग्रह. या सगळ्यांची माहिती एकत्र होते आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर सूचना येते: आज पाणी द्या, या कोपऱ्यात खत कमी आहे, तिकडे किडीची शक्यता आहे. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी २०२५ च्या सुरुवातीला या उसाचं उदाहरण जगापुढं ठेवलं. त्याच वर्षी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि कारखाने यांनी हेक्टरी २५ हजार रुपयांच्या खर्चाची वाटणी ठरवली: ९,२५० इन्स्टिट्यूटचे, ६,७५० कारखान्याचे, ९,००० शेतकऱ्याचे. जूनमध्ये राज्याने शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ५०० कोटींचं धोरण मंजूर केलं.

मला या प्रयोगाचं अप्रूप आहे. नव्वद टनांवर अडकलेलं रान पुढं गेलं, रात्रीचं दारं धरायला जाताना सापाची भीती कमी झाली, युरियाचं पोतं वाचलं, तर त्याहून चांगलं काय? ताम्हाण्यांनी १९१० मध्ये जे सांगितलं, की पाणी गरजेपुरतंच द्या, ते सांगणारं यंत्र आता प्रत्येक रानात उभं राहू शकतं. आणि ते मराठीत बोलतं. पुस्तिकेला जे जमलं नाही ते मोबाइलला जमेल.

पण हिशेब करून पाहू. पाटाने भिजवलेल्या एक हेक्टर उसाला वर्षाला अडीच हजार मिलिमीटर पाणी धरलं तर ते झालं अडीच कोटी लिटर. ठिबक आणि या सूचनांनी समजा त्यातलं चाळीस टक्के वाचलं, तर हेक्टरी एक कोटी लिटर. एवढ्या पाण्यात रब्बीची ज्वारी किंवा हरभरा अडीच-तीन हेक्टर निघतो. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाच्या म्हणण्यानुसार महाराष्ट्रात चार टक्क्यांच्या आसपास क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं जवळजवळ सत्तर टक्के पाणी घेतो. तेव्हा उसातली बचत म्हणजे राज्यातली सर्वांत मोठी पाणीबचत. ती जाते कुठं?

आजच्या व्यवस्थेत तिला जायला एकच वाट आहे: आणखी ऊस. ज्याच्या रानात पाणी उरलं तो शेजारच्या पडीक तुकड्यात लावण करणार. त्याला दोष देता येत नाही. खात्रीचा भाव, दारात कारखाना, आणि वाचवलेल्या पाण्याबद्दल कुणी एक पैसा देत नाही. २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कालव्यावरच्या उसाला ठिबक सक्तीचं केलं, स्वस्त कर्जाची योजना आखली. सक्ती कागदावर राहिली, कारण पाणी अजूनही क्षेत्रावर मोजलं जातं. त्यात आणखी एक गुंता आहे. वरच्या शेतकऱ्याने वाया घालवलेलं पाणी जमिनीत मुरून खालच्याच्या विहिरीत उतरतं. नीरा डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाला याच पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला तो यासाठीच. कालव्याची गळती थांबली तर विहिरी आटतील. ऑक्सफर्डच्या गणितात बचत दिसते ती खालच्या विहिरीच्या गणितात तूट असू शकते. हे दोन्ही आकडे एका वहीत आल्याशिवाय कशाची बचत झाली हे सांगता येणार नाही.

आणि वही एका गावाची असून भागत नाही. नीरेच्या उजव्या काठावर फलटण, माळशिरस आणि पुढं सांगोला आहे. डाव्या आणि उजव्या कालव्यांतल्या अतिरिक्त पाण्याच्या २००९ च्या वाटणीची मुदत २०१७ मध्ये संपली. जून २०१९ मध्ये सरकारने ते पाणी उजवीकडे वळवलं, फेब्रुवारी २०२० मध्ये दुसऱ्या सरकारने नवी वाटणी केली. दोन्ही वेळा एका काठावर फटाके आणि दुसऱ्या काठावर रास्ता रोको. वरच्या अंगाला पुण्याची तहान दरवर्षी वाढते, त्यामुळे खडकवासल्यातून सणसर कटला किती पाणी सुटेल यावर इंदापूरच्या गावांचं रब्बी अवलंबून. अमेरिकेतल्या कंपनीशी करार करणं सोपं जातं. नीरेपलीकडच्या सांगोल्याशी बसून बोलणं आपल्याला शंभर वर्षांत साधलेलं नाही. माझ्या मते बारामतीच्या प्रयोगाची खरी परीक्षा टनेजवर होणार नाही, ती या काठावर होईल.

हे साधण्याजोगं आहे, याचा पुरावा नाशिक जिल्ह्यात आहे. वाघाड धरणाच्या कालव्यावर ओझरला १९९१ मध्ये समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेपटाकडच्या शेतकऱ्यांच्या तीन पाणीवापर संस्था काढल्या. तोवर शेवटच्या रानांना पाणी क्वचितच पोचायचं. संस्थेला पाणी घनमीटरवर मोजून मिळू लागलं, संस्थेने ते आपल्या सभासदांना तासावर दिलं, आणि कुणी काय पीक घ्यायचं यात खात्याने डोकं घालणं बंद झालं. मोजून मिळालेलं पाणी वाचवण्यात फायदा दिसल्यावर द्राक्षबागा ठिबकवर गेल्या. पुढं धरणावरच्या सगळ्या चोवीस संस्थांनी मिळून अख्ख्या प्रकल्पाचं व्यवस्थापन हातात घेतलं. २००५ चा शेतकऱ्यांमार्फत सिंचन व्यवस्थापनाचा कायदा अशाच अनुभवांवर उभा आहे. तो नीरेच्या डाव्या कालव्यालाही लागू आहे.

सणसरच्या वितरिकांच्या मुखाशी मोजणीची साधनं बसवायला उपग्रहाची गरज नाही. पण संवेदक, उपग्रह आणि ऑक्सफर्डचं गणित असलेली ही भागीदारी त्या मोजणीला जोडता येईल: रानातला ओलावा, चारीतला प्रवाह आणि खालच्या विहिरीची पातळी, तिन्ही एका पडद्यावर, पाणीवापर संस्थेच्या कार्यालयात, सगळ्यांना दिसेल असं. हेक्टरी २५ हजारांच्या वाटणीत पाटबंधारे खातं कुठंच नाही. त्याला चौथा भागीदार म्हणून बसवावं, वाचलेल्या पाण्यातला ठरलेला वाटा शेपटाच्या गावांच्या नावे लिहावा आणि उरलेल्याबद्दल वाचवणाऱ्याला पाणीपट्टीत सूट द्यावी, ही मागणी कारखान्याच्या वार्षिक सभेत आणि कालवा सल्लागार समितीत करता येण्यासारखी आहे. रब्बीच्या आवर्तनाचं नियोजन करायला ही समिती हिवाळ्याच्या तोंडावर बसते.